बोटाचं रक्त की शिरेचं? रॅपिड एचआयव्ही टेस्टनंतर ४५ दिवस थांबायचं की ९०?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय नाजूक आहे, समजून घ्याल.

एका प्रसंगानंतर मला एचआयव्हीची धास्ती बसली आहे. तपशील लिहीत नाही, धोका खरा होता एवढंच सांगतो. ३४व्या दिवशी एका तपासणी केंद्रावर गेलो. बोटाला सुई टोचली, रक्त पट्टीवर टाकलं, वीस मिनिटांत कार्ड हातात आलं: निगेटिव्ह. तिथल्या बाईंनी सांगितलं, ९० दिवस झाले की पुन्हा या. जिवाला चैन पडेना म्हणून दोन दिवसांनी दुसरीकडे गेलो. तिथे दंडाला पट्टा बांधून शिरेतून रक्त काढलं, रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. तोही निगेटिव्ह. पण इथे सांगितलं की ४५ दिवस पूर्ण झाल्यावर एकदा करा, तेवढं पुरे.

आता मी कुणाचं ऐकू? दोन्ही कागदांवर शब्द एकच आहे, मग मुदत वेगळी का? शिरेतलं रक्त जास्त 'शुद्ध' असतं का? बोटात विषाणू कमी असतो का? सगळीकडे '९९ टक्के अचूक' असं लिहिलेलं सापडतं, पण ते कशातलं ९९ टक्के ते कुणीच सांगत नाही. रात्री झोप लागत नाहीये. जाणकारांनी कृपया नीट समजावून सांगावं.

---

लॅबवाली

पाऊलवाट, आधी सगळ्यात महत्त्वाचं: दोघांनीही तुम्हाला बरोबरच सांगितलंय. एकाने ४५ म्हटलं, दुसऱ्याने ९०, आणि दोघंही खरे आहेत, कारण दोघांनी तुमची वेगवेगळी टेस्ट केली आहे. फक्त तुम्हाला दिलेल्या कागदावर ते नीट लिहिलेलं नाही. मी १४ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि ही गोष्ट मला कायम खटकते. कागदावर ठळक अक्षरात 'निगेटिव्ह' असतं, पण कुठल्या रक्तावर, कुठल्या पद्धतीने आणि प्रसंगानंतर कितव्या दिवशी, हे लिहायचं कुणाला सुचत नाही. त्या तीन गोष्टी कळल्याशिवाय तो शब्द अर्धाच आहे.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने दिलेल्या मुदती बघा, म्हणजे कोडं सुटेल. शिरेतून रक्त काढून लॅबमध्ये मशीनवर केलेली अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट (अँटिजेन म्हणजे विषाणूचा अंश, अँटिबॉडी म्हणजे त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) साधारणपणे १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते. तीच अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट बोटाच्या रक्तावर रॅपिड किटने केली तर १८ ते ९० दिवस. नुसती अँटिबॉडी शोधणारी रॅपिड टेस्ट किंवा घरी करायची सेल्फ टेस्ट असेल तर २३ ते ९० दिवस. सुरुवातीचा आकडा म्हणजे सर्वात लवकर कधी दिसू शकतं, आणि शेवटचा म्हणजे त्यानंतर निगेटिव्ह आलं तर त्यावर विसंबता येतं. रिपोर्ट संध्याकाळी दिला म्हणजे दुसऱ्या ठिकाणी बहुतेक मशीनवरची टेस्ट केलीय. तरी विचारून खात्री करा, कारण शिरेतून घेतलेलं रक्तही काही ठिकाणी पट्टीवरच टाकतात.

आता 'शुद्ध' रक्ताबद्दल. बोटातलं आणि शिरेतलं रक्त या कामापुरतं जवळपास सारखंच असतं. फरक पडतो तो रक्ताचं पुढे काय करतात त्याने. आपण जे शोधतो, म्हणजे अँटिबॉडी आणि पी२४ नावाचं विषाणूचं प्रथिन (हेच ते अँटिजेन), ते रक्ताच्या पातळ भागात असतं. त्याला प्लाझ्मा म्हणतात. रक्त गोठू देऊन वरचा पातळ भाग घेतला तर ते सीरम. साध्या रक्तात ४० ते ४५ टक्के जागा तांबड्या पेशींनी व्यापलेली असते आणि त्यांचा या टेस्टला काही उपयोग नसतो. म्हणजे बोटाचं ५० मायक्रोलिटर रक्त पट्टीवर टाकलं तर त्यात कामाचा द्रव २८-३० मायक्रोलिटरच असतो. शिरेचं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी खाली बसवल्या आणि वरचा ५० मायक्रोलिटर प्लाझ्मा टाकला, तर त्याच पट्टीला जवळजवळ दुप्पट अँटिबॉडी मिळतात. म्हणूनच काही किटच्या माहितीपत्रकात प्लाझ्मा किंवा सीरम १० मायक्रोलिटर आणि साधं रक्त २० मायक्रोलिटर घ्यायला सांगतात. तो दुप्पट आकडा उगाच दिलेला नसतो.

मग बोटाची टेस्ट निम्मीच भरवशाची का? अजिबात नाही. संसर्गाला काही महिने झालेल्या माणसाच्या रक्तात अँटिबॉडी इतक्या भरपूर असतात की निम्म्या टाकल्या तरी पट्टीवर ठसठशीत ओळ येते. जागतिक आरोग्य संघटना ज्या रॅपिड किटना मान्यता देते, त्यांच्याकडून किमान ९९ टक्के सेन्सिटिव्हिटी (संसर्ग असलेल्यांपैकी किती जण पकडले) आणि किमान ९८ टक्के स्पेसिफिसिटी (संसर्ग नसलेल्यांपैकी किती जण बरोबर निगेटिव्ह आले) अपेक्षित असते. तुम्ही जे ९९ टक्के वाचलं ते बहुतेक हेच. पण हा आकडा मुख्यतः जुना, पक्का संसर्ग असलेल्या नमुन्यांवरून येतो. पहिल्या काही आठवड्यांत अँटिबॉडी नुकत्याच तयार व्हायला लागलेल्या असतात, आणि तिथे निम्मं की दुप्पट याने फरक पडतो. तुम्ही नेमके त्याच दिवसांत आहात, म्हणून तुम्हाला नमुन्याच्या प्रकाराची चौकशी करायलाच हवी.

---

कुतूहल

फार छान समजावलंत, लॅबवाली. एक शंका. मशीनवरची टेस्ट आणि पट्टीवरची टेस्ट यातला फरक फक्त नमुन्याचा आहे की पद्धतीचाही? म्हणजे माझ्याकडे प्लाझ्मा असेल आणि मी तो पट्टीवर टाकला, तर ९० चे ४५ होतात का?

---

लॅबवाली

नाही होत, आणि हे विचारलंत ते बरं झालं. माझ्या आधीच्या प्रतिसादातून तसा गैरसमज होऊ शकला असता. ४५ आणि ९० मध्ये दोन्ही गोष्टी आहेत. मशीनला प्लाझ्मा जास्त लागतो, त्यात मधे धुण्याच्या पायऱ्या असतात, आणि शेवटचा सिग्नल रासायनिक प्रकाशाने वाढवून उपकरण मोजतं. पट्टीवर जे दिसतं ते माणसाच्या डोळ्याने बघायचं असतं. पट्टीवर प्लाझ्मा टाकला की साध्या रक्तापेक्षा थोडं लवकर दिसू शकतं, पण ती मशीनची बरोबरी करत नाही. अँटिजेन आणि अँटिबॉडीसाठी वेगवेगळ्या ओळी असलेल्या कॉम्बो रॅपिड किटमधली अँटिजेनची ओळ तर प्रत्यक्ष वापरात बऱ्याचदा निराश करते. पी२४ रक्तात साधारण दोन-अडीच आठवड्यांनी दिसायला लागतं, तेव्हा अगदी थोडं असतं, आणि अँटिबॉडी वाढल्या की त्यांना चिकटून पुन्हा दिसेनासं होतं. इतक्या छोट्या खिडकीत बोटाच्या थेंबातून ते पकडायचं म्हणजे अवघड काम.

---

सांजवारा

मी फिल्डवर काम करते, दिवसाला तीस-चाळीस बोटं टोचते. पुस्तकात नसलेलं थोडं लिहिते.

बोटाच्या रक्ताची खरी अडचण रक्तात नसते, ते घेण्याच्या घाईत असते. हात गार असला की थेंब येत नाही. मग आपण बोट पिळतो. पिळलं की रक्ताबरोबर पेशींच्या मधलं पाणी बाहेर येतं, नमुना पातळ होतो, शिवाय तांबड्या पेशी फुटून पट्टी लालभडक होते. स्पिरिट वाळायच्या आधीच टोचलं तरी तेच. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकायचा, दुसरा घ्यायचा, हे शिकवलेलं सगळ्यांना असतं. पण समोर रांग असली आणि थेंब मुश्किलीने आलेला असला, की तो पुसायला हात धजत नाही.

मागे एका शिबिरात माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगते. एक ताई होत्या, हात बर्फासारखे. थेंब आला तो छोटा. केशनळी (रक्त मोजून घ्यायची बारीक नळी) आडवी धरून टेकवली, रक्त खुणेपर्यंत चढलं असं वाटलं, पण मधे हवेचा बुडबुडा होता. तशीच पट्टीवर सोडली, वर बफर, म्हणजे रक्त पुढे वाहून नेणारा द्रव, टाकलं. टेस्ट चालली हे दाखवणारी कंट्रोलची ओळ आली, टेस्टची जागा पांढरीशुभ्र. नियमाप्रमाणे निगेटिव्हच. पण माझी नजर अडकली ती पार्श्वभूमीवर. नेहमी रक्त टाकलं की पट्टीवर गुलाबी लाट वर चढत जाते आणि मग हळूहळू विरते. इथे ती लाट जेमतेम दिसली होती. मी ताईंना म्हटलं, माफ करा, परत घ्यावं लागेल. त्यांच्या हातात गरम पाण्याची बाटली दिली, पाच मिनिटं हात खाली सोडून बसवलं, दुसऱ्या बोटातून घेतलं. या वेळी थेंब आपोआप फुगला, नळी सलग भरली. पंधराव्या मिनिटाला कंट्रोलच्या शेजारी बारीकशी दुसरी ओळ होती. पुढे शिरेच्या रक्तावर तीन वेगवेगळ्या टेस्ट करून निदान पक्कं झालं.

त्या दिवसापासून मी कंट्रोलच्या ओळीवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही.

---

लॅबवाली

सांजवारा ताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबते, कारण ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. बऱ्याच किटमध्ये कंट्रोलची ओळ एवढंच सांगते की द्रव पट्टीभर वाहिला आणि रंग धरणारे कण शाबूत आहेत. नुसतं बफर टाकलं, रक्त टाकलंच नाही, तरी काही किटमध्ये ती ओळ येते. काही किटची कंट्रोल मात्र माणसाच्या अँटिबॉडीलाच पकडते, म्हणजे नमुना पडला नसेल तर ती येणार नाही. आपल्या हातातलं किट यातलं कुठलं आहे ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. आपल्या कामातल्या प्रत्येकाने ते एकदा तरी बारकाईने वाचलेलं असावं.

आणि शिरेचं रक्त आलं म्हणून निश्चिंत होऊ नये. त्याच्याही खोड्या आहेत. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, त्याने रक्त गोठत नाही. रक्त भरल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करावी लागते. तसं केलं नाही तर बारीक गुठळ्या होतात आणि त्या पट्टीची छिद्रं बुजवतात. मग ट्यूब स्टँडमध्ये उभी राहिली की अर्ध्या-एक तासात पेशी खाली बसायला लागतात. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने अशीच उभी राहिलेली ट्यूब न हलवता पिपेट तळापर्यंत घातली आणि 'होल ब्लड' (साधं रक्त) म्हणून तळातल्या दाट पेशी पट्टीवर टाकल्या. दाट लाल गोळा नमुन्याच्या खिडकीतच बसून राहिला, पुढे सरकेचना. ती टेस्ट रद्द झाली हे नशीब. थोडं कमी दाट असतं तर ती वाहिली असती, कंट्रोल आली असती, आणि अँटिबॉडीचा जेमतेम अंश पडलेला आम्हाला कळलाही नसता. आता ट्यूब उचलली की आधी उलटसुलट करायची, मगच टोपण काढायचं, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतो.

सीरमची तऱ्हा वेगळी. रक्त पूर्ण गोठायला साधारण अर्धा तास लागतो. घाईत लवकर फिरवलं तर सीरममध्ये फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे धागे राहतात. ते बघायला जेलीसारखे असतात, पिपेटच्या टोकाला लोंबतात. पट्टीवर गेले की प्रवाह अडतो किंवा मधेच डाग पडतो, आणि त्या डागाला ओळ समजून बसण्याचा धोका असतो. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारा द्रव आधीच भरलेला असतो, त्याने नमुना जवळजवळ दहा टक्के पातळ होतो. म्हणून कुठली ट्यूब चालेल हेही किटच्या कागदावर बघावं लागतं.

साठवणीचंही तसंच. प्लाझ्मा आणि सीरम उणे २० अंशांवर गोठवून ठेवता येतात. साधं रक्त कधीच गोठवायचं नाही, सगळ्या पेशी फुटतात. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, तेही किटवाले सांगतील तेवढेच दिवस. फ्रिजमधून काढलेला नमुना किंवा किट थेट वापरायचं नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. गार पट्टीवर द्रव हळू चालतो.

---

रातपाळी

मी डॉक्टर आहे. वर जे लिहिलं गेलं त्याच्याशी सहमत. दोन-तीन गोष्टी जोडतो.

पाऊलवाट, प्रसंगानंतर दोन ते चार आठवड्यांत ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, गाठी असं काही झालं असेल तर पट्टी आणि मशीन दोन्हींच्या पुढचा पर्याय असतो: विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधणारी न्यूक्लिइक अ‍ॅसिड टेस्ट. ती साधारण १० ते ३३ दिवसांत संसर्ग पकडते. मोठ्यांमध्ये तिला सहसा शिरेचंच रक्त लागतं. प्रत्येकाला ती करायची गरज नसते, पण लक्षणं असतील तर डॉक्टरांना ती स्पष्ट सांगा, लाजू नका.

दुसरं, या धाग्यावर पुढे कुणी घाबरून येईल त्यांच्यासाठी. प्रसंग होऊन ७२ तास उलटले नसतील तर टेस्टच्या मुदती वाचत बसू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे जाऊन संसर्ग टाळणारी औषधं, म्हणजे पीईपी, सुरू करता येतील का ते विचारा. ती २८ दिवस घ्यायची असतात आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं. ही औषधं किंवा आधीपासून प्रेप (प्रसंगाच्या आधीच घ्यायची संसर्ग टाळणारी औषधं) घेणाऱ्यांमध्ये अँटिबॉडी उशिरा किंवा कमी तयार होऊ शकतात, म्हणून त्यांच्या टेस्टची मुदत डॉक्टरांनीच ठरवावी.

आणि आईला एचआयव्ही असेल तर तान्ह्या बाळाच्या बाबतीत ही सगळी चर्चाच लागू नाही. आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात उतरलेल्या असतात आणि त्या १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे बाळाचं रक्त टाचेतून घ्या नाहीतर शिरेतून, अँटिबॉडीची रॅपिड टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह आली (पट्टीवर दुसरी ओळ उमटली) म्हणून बाळाला संसर्ग आहे असं म्हणता येत नाही. तिथे विषाणूच शोधावा लागतो. त्यासाठी टाचेतलं रक्त खास कागदावर थेंब-थेंब वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात.

---

कुतूहल

मग हिरड्यांवर काडी फिरवून करतात ती टेस्ट? तिथे तर रक्तच नाही. ती कितपत धरायची? आणि लाळेत एचआयव्ही सापडतो म्हणजे लाळेतून पसरतो का?

---

दोन_ओळी

याचं उत्तर मी देतो, कारण हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. मी स्वतः एचआयव्हीसोबत जगतो, नियमित औषधं घेतो आणि लोकांना टेस्टिंगबद्दल माहिती देण्याचं काम करतो.

शेवटचा प्रश्न आधी. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही. ती काडी विषाणू शोधतच नाही, अँटिबॉडी शोधते. हिरडी आणि दात यांच्या सांध्यात रक्तातून थोडा द्रव झिरपत असतो, त्यात अँटिबॉडी असतात. पण रक्ताच्या मानाने त्या कितीतरी पटींनी कमी असतात. म्हणून नमुन्याच्या प्रकाराने काय फरक पडतो ते इथे सगळ्यात उघड दिसतं.

२०१२ साली 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस'मध्ये एक एकत्रित विश्लेषण आलं होतं. एकाच प्रकारचं किट, एकदा तोंडातल्या द्रवावर आणि एकदा रक्तावर वापरलेलं. तोंडातल्या द्रवावर सेन्सिटिव्हिटी सुमारे ९८ टक्के, रक्तावर सुमारे ९९.७ टक्के. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण संसर्ग असलेले एक हजार लोक घ्या. रक्ताच्या टेस्टमधून तीन जण सुटतील, तोंडाच्या टेस्टमधून वीस. आणि हे प्रशिक्षित माणसाने केलेल्या टेस्टचं. त्याच २०१२ मध्ये अमेरिकेत घरी करायच्या तोंडाच्या टेस्टला परवानगी मिळाली, तेव्हा सामान्य लोकांनी स्वतः केल्यावर सेन्सिटिव्हिटी ९२ टक्क्यांच्या आसपास भरली होती. संसर्ग असलेल्या साधारण बारा जणांमागे एक सुटतो.

तरीही मी त्या टेस्टच्या बाजूने बोलतो. सुईला घाबरणारे, केंद्रावर कुणी ओळखीचं दिसेल म्हणून न जाणारे असे कितीतरी लोक घरी ती काडी वापरतात आणि मग आमच्याकडे येतात. ज्यांनी आयुष्यात एकदाही टेस्ट केली नसती, ते करतात. फक्त तिचं निगेटिव्ह उत्तर तीन महिन्यांच्या आत ग्राह्य धरू नये, आणि तिचं रिअ‍ॅक्टिव्ह उत्तर हे निदान समजू नये.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जे आधीपासून एचआयव्हीची औषधं घेत आहेत त्यांनी 'आता गेला का' हे बघायला रॅपिड टेस्ट करू नये. औषधांनी विषाणू दबलेला असला, विशेषतः औषधं अगदी लवकर सुरू झाली असली, तर अँटिबॉडी कमी होतात आणि तोंडाची टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. माझ्या ओळखीच्या एकाने ते बघून गोळ्या बंद केल्या होत्या. चार महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, पुन्हा वर गेला. सुदैवाने वेळेत परत आला, आता ठीक आहे. पण ती चार महिन्यांची भीती त्याच्या बायकोने माझ्यासमोर बसून सांगितली आहे, ती मी विसरू शकत नाही.

---

गणितप्रेमी

सगळी चर्चा फॉल्स निगेटिव्हची, म्हणजे संसर्ग असूनही निगेटिव्ह येण्याची झाली. उलट बाजू बघूया? समजा शिरेचं उत्तम रक्त आहे, सगळं नियमाने केलंय, आणि टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह आली. मग तर नक्की ना?

नक्की नाही. दहा हजार माणसं तपासली आणि त्यांच्यात वीस जणांना संसर्ग आहे असं धरू. टेस्टची स्पेसिफिसिटी ९९.५ टक्के. उरलेल्या ९,९८० पैकी अर्धा टक्का, म्हणजे सुमारे पन्नास जण चुकून रिअ‍ॅक्टिव्ह येणार. एकूण रिअ‍ॅक्टिव्ह सत्तर, खरे वीस. म्हणजे पट्टीवर दुसरी ओळ बघून हादरलेल्या सत्तर जणांपैकी पन्नास जणांना काहीच झालेलं नाही. याचा नमुन्याशी संबंध आहे का, हे लॅबवालींनी सांगावं.

---

लॅबवाली

गणित बरोबर आहे. म्हणूनच एका रिअ‍ॅक्टिव्हवर कुठलीही शहाणी लॅब कुणाला 'पॉझिटिव्ह' म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून सगळीकडे तीन वेगवेगळ्या टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह आल्यावरच निदान करायला सांगितलंय. एकाच किटच्या तीन पट्ट्या वापरून हे साधत नाही. एका किटची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून तिन्ही किट वेगळी असावी लागतात.

नमुन्याशी संबंध आहे, पण फॉल्स निगेटिव्हइतका नाही. चुकीची ओळ येण्याची मुख्य कारणं म्हणजे दुसऱ्याच कशाविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडी चिकटणं आणि वेळ उलटून गेल्यावर वाचणं. पट्टी वाळली की जिथे ओळीचा पदार्थ लावलेला असतो तिथे करडी छटा उमटते. लोक सकाळी केलेली पट्टी दुपारी परत उघडून बघतात आणि हादरतात. प्रत्येक किटची वाचायची ठरलेली वेळ असते, एखादं १५ मिनिटांचं, एखादं २० ते ४० मिनिटांचं, आणि एखादं मिनिटभरातही उत्तर देतं. त्या वेळेच्या आधी किंवा नंतर दिसलेलं काहीही धरायचं नाही. पेशी फुटून लाल झालेल्या नमुन्यात पार्श्वभूमीच तांबूस राहते, तिथे फिकट ओळ आहे की नाही यावर दोन अनुभवी माणसांचंही एकमत होत नाही. मी अशा वेळी वाद घालत नाही, शिरेतून रक्त घेऊन प्लाझ्मावर टेस्ट पुन्हा करते. पार्श्वभूमी स्वच्छ असते आणि ओळ असेल तर स्पष्ट दिसते. फिकट ओळ वेळेत आलेली असेल तर ती रिअ‍ॅक्टिव्हच धरायची, हेही सांगून ठेवते. कारण फिकट म्हणजे 'थोडासा एचआयव्ही' असं काही नसतं, आणि नुकत्या झालेल्या संसर्गात ओळ फिकटच येते.

---

सांजवारा

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की बोटाची टेस्ट बंदच करावी. कृपया तसं वाटून घेऊ नका. शिरेचं रक्त लॅबला पाठवलं की रिपोर्ट घ्यायला परत यावं लागतं, आणि सगळे परत येत नाहीत. बोटाची टेस्ट केलेला माणूस उत्तर घेऊनच उठतो. रिअ‍ॅक्टिव्ह आला तर मी त्याच मिनिटाला त्याच्यासोबत बसलेली असते. आमच्यासारख्यांना तेवढं मोल पुष्कळ आहे. हात गरम करा, पहिला थेंब पुसा, नळी सलग भरा, घड्याळ लावा, आणि माणसाला विचारा की प्रसंग कधी झाला. एवढं नीट झालं तर बोटाची टेस्ट तिचं काम चोख करते.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. पहिल्या प्रतिसादानंतरच त्या रात्री झोप लागली.

दुसऱ्या ठिकाणी फोन करून विचारलं. शिरेचं रक्त, मशीनवरची अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट, असं सांगितलं. म्हणजे लॅबवालींचा अंदाज बरोबर होता. रातपाळींनी लिहिलेली लक्षणं मला झाली नव्हती, तरी तिथल्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोललो. त्यांनीही ४५ दिवस पूर्ण होऊ देण्याचाच सल्ला दिला. आज ३९वा दिवस आहे.

---

पाऊलवाट

कळवायचं राहिलं होतं. ४८व्या दिवशी पुन्हा त्याच ठिकाणी गेलो. जांभळ्या टोपणाची ट्यूब होती. रक्त भरल्यावर सिस्टरांनी ती हळूहळू उलटसुलट केली, मी मनातल्या मनात मोजत होतो, नऊ वेळा. रिपोर्ट निगेटिव्ह आला. काउंटरवर विनंती केली की यावर नमुना आणि टेस्टचा प्रकार लिहून द्याल का. त्या बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पेन घेतलं आणि निगेटिव्हच्या खाली लिहिलं: 'शिरेचं रक्त, प्लाझ्मा, अँटिजेन-अँटिबॉडी, मशीन'. शेजारी ४८व्या दिवसाची नोंद मी माझ्या अक्षरात केली.

---

लॅबवाली

वाचून फार बरं वाटलं, पाऊलवाट. तुमच्या रिपोर्टवर हाताने लिहावं लागलं त्या ओळीसाठी आमच्या लॅबच्या छापील नमुन्यात रकाना टाकायचा प्रस्ताव मी आज दिला आहे.